झुडपांवरचा खटला

७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या एका टोकाला पॅलिसेड्सचा आणि दुसऱ्या टोकाला, आमच्या बाजूला, ईटनचा वणवा पेटला. त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकच वाक्य तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकलं: "डोंगरावरची झुडपं वेळच्या वेळी काढली असती तर ही पाळी आली नसती." लगेच दुसऱ्या बाजूचं उत्तर आलं, "झुडपांना काय दोष देता, हे सगळं हवामानबदलाचं." मग कोणी पॅलिसेड्सच्या रिकाम्या जलाशयाचं काढलं, कोणी महापौरांचं. टीव्हीवरच्या चर्चाही याच वळणाच्या होत्या, फक्त तिथले लोक सूट घालून बोलत होते. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी फिनलंडचे लोक जंगल दंताळ्याने साफ ठेवतात म्हणून त्यांना त्रास नाही असं सांगितलं होतं, तेव्हा सगळे हसले. पण गेल्या वर्षभरात मी जे ऐकते आहे ते त्या दंताळ्याचंच सुधारलेलं रूप आहे. जे जळलं ते नेमकं होतं काय, हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या या डोंगरांवर जे आहे त्याला चॅपरल म्हणतात, आणि ते निष्काळजीपणामुळे माजलेलं जंगल नव्हे. इतर जंगलांमध्ये आग फार कमी लागू दिली म्हणून बिघाड झाला असेल. इथला बिघाड आग फार वेळा लागते म्हणून आहे. चॅपरल खरवडून काढलं तर मागे उघडा डोंगर राहत नाही. तिथे परदेशी गवत येतं आणि ते झुडपांच्या आधी पेटतं. तेव्हा घरं वाचवायची असतील तर कामाला घराच्या भिंतीपासून लागायला हवं. डोंगरमाथा सर्वांत शेवटी.

चॅपरल हा शब्द स्पॅनिश 'चापारो'वरून आला, म्हणजे खुरटा ओक. या रानातून घोडा घालताना मांड्या सोलवटून निघू नयेत म्हणून गुराखी चामड्याच्या तंगड्या चढवत. त्यांचं नाव 'चापारेरास', आणि काउबॉयचे 'चॅप्स' ते हेच. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, असं आपल्या दृष्टीने उलटं हवामान जगात पाचच ठिकाणी आहे: इथे, भूमध्य समुद्राकाठी, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या केप टोकाला आणि ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य-दक्षिण भागात. मी साताऱ्याची. आमच्याकडे ऊब आणि पाणी हातात हात घालून येतात. इथे पाणी असतं तेव्हा थंडी असते आणि ऊन असतं तेव्हा पाणी नसतं. म्हणून पानं लहान, जाड, चिवट. आमच्या गल्लीच्या शेवटी कुंपणापलीकडे सुईसारख्या पानांच्या झुबक्यांचं शमीस आहे, लालभडक गुळगुळीत खोडाचं मांझानीटा आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये निळं होणारं सियानोथस आहे, डिसेंबरात लाल फळांनी लगडणारं टोयॉन आहे. पहिल्या दोन वर्षांत मीही या सगळ्याला 'झाडोरा' असंच म्हणायचे. मग एका सकाळी रेनटिट नावाच्या पक्ष्याची शीळ ऐकली, चेंडू टप्पे घेत घेत शांत व्हावा तशी, आणि तो कुठे आहे ते शोधायला वाकून आत बघावं लागलं. हा राखाडी-तपकिरी पक्षी बहुतेक सगळा जन्म एवढ्याशा झाडीत काढतो. वरून सपाट दिसणाऱ्या त्या छताखाली वूडरॅट नावाचे रानउंदीर काड्यांचे ढीग रचून पिढ्यानपिढ्या राहतात, कोल्हा आणि बॉबकॅट हे रानमांजर वावरतात. शहराच्या मधोमध ग्रिफिथ पार्कात दहा वर्षं राहिलेला पी-२२ हा डोंगरी सिंहही दोन महामार्ग ओलांडून आला होता तो चॅपरलच्याच डोंगरांतून.

हे रान पेटतं, आणि पेटतं तेव्हा भडकून पेटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शमीसच्या पानांत तेलकट राळ असते. जुने लोक त्याला 'ग्रीसवूड'च म्हणत. इथली आग पाइनच्या जंगलासारखी जमिनीवरून सरपटत जात नाही, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत सगळं घेऊन जाते. पण या वनस्पती त्यासाठी तयार असतात. शमीसच्या मुळाशी लाकडाचा एक गड्डा असतो. गेल्या वसंतात कुंपणापाशी उभी राहून मी तो पाहिला: कोळशाचा ठोकळा, आणि त्याच्या कडेने पोपटी कोंबांची झालर. सियानोथसच्या काही जातींना असा गड्डाच नसतो. झाड मरतं, पण त्याचं बी दशकानुदशकं मातीत वाट पाहत पडलेलं असतं आणि आगीच्या उष्णतेने त्याचं कवच फुटतं. 'व्हिस्परिंग बेल्स' नावाच्या फिकट पिवळ्या फुलझाडाचं बी तर धुराने जागं होतं. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड त्याला जागं करतो, हे १९९७ मध्ये वणव्यांचे अभ्यासक जॉन कीली आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दाखवून दिलं. मेलानोफिला जातीचे भुंगे आगीची अवरक्त किरणं ओळखून वणव्याकडे उडत येतात, कारण जळक्या लाकडात त्यांना अंडी घालायची असतात. आगीचं सोयरसुतक इतकं जुनं असलेल्या रानाला 'आग लागू नये म्हणून काढून टाका' म्हणणं जरा विनोदी आहे.

मात्र या सोयरिकीला एक अट आहे. दोन आगींमध्ये पुरेसा काळ जायला हवा. नैसर्गिक स्थितीत तो साधारण तीस ते दीडशे वर्षांचा असावा असं मानतात, कारण किनाऱ्याजवळच्या या डोंगरांत वीज क्वचितच पडते. आता मात्र इथे आगी लावतो तो माणूस: विजेच्या तारा, गाडीचा सायलेन्सर, फटाके, आगपेटी. सियानोथसचं रोप मोठं होऊन बी धरण्याआधी दुसरी आग आली तर मातीतली पुंजी संपते. २००३ मध्ये सॅन डिएगोच्या बाजूला सीडर वणव्यात जळलेल्या जमिनीपैकी काही भाग २००७ मध्ये पुन्हा जळला. अशा जागी मग कोण येतं? ब्रोम गवत, रानटी ओट आणि मोहरी. होय, मोहरी, आपल्या फोडणीतल्या मोहरीची सख्खी भावंडं. वसंतात पिवळेधमक झालेल्या ज्या डोंगरांसमोर आपले लोक फोटो काढतात, तो बहर पुष्कळदा या परदेशी मोहरीचा असतो. मे-जूनमध्ये हे सगळं वाळून काड्याकाड्या होतं, आणि एका ठिणगीला पुरतं. म्हणजे आग लागली की गवत येतं, गवत आलं की आग लागते.

आता विरोधी पक्षाच्या सर्वांत भक्कम युक्तिवादाकडे येते, कारण तो ग्रुपवरच्या निरोपाइतका फालतू नाही. १९८३ मध्ये रिचर्ड मिनिच या भूगोलतज्ज्ञाने अमेरिका-मेक्सिको सीमेच्या दोन बाजूंची उपग्रहचित्रं ताडून पाहिली. मेक्सिकोच्या बाहा भागात, जिथे आगी फारशा विझवल्या जात नसत, वणवे लहान लहान होते आणि डोंगर निरनिराळ्या वयाच्या तुकड्यांची गोधडी झाला होता. अमेरिकेच्या बाजूला, जिथे प्रत्येक आग विझवायचा ध्यास होता, वणवे प्रचंड होते. निष्कर्ष उघड दिसतो: विझवून विझवून इंधन साठलं, आणि मग एकदम भडका. राज्याच्या पूर्वेकडच्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या पाइन जंगलांच्या बाबतीत हे खरंच आहे. तिथे दर पाच-वीस वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरून जायची. ती शंभर वर्षं रोखली, आणि खाली रोपांचं रान माजलं. त्या जंगलात विरळणी करा, मुद्दाम हलकी आग लावा, माझी काही तक्रार नाही. आणि चॅपरलच्या बाबतीतही वय अगदी बिनमहत्त्वाचं आहे असं मी म्हणणार नाही. २००९ चा स्टेशन वणवा मोठ्या वाऱ्याशिवायच आमच्याच सॅन गॅब्रिएल डोंगरातल्या जुन्या, दाट झाडीतून एक लाख साठ हजार एकर पसरला आणि त्यात अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. वारा पडलेला असेल तेव्हा कोवळी झाडी आगीला अडवते, हे मान्यच.

पण मग १८८९ चं काय करायचं? त्या वर्षी सप्टेंबरात ऑरेंज काउंटीतल्या सँतियागो कॅन्यनमधून निघालेल्या वणव्याने अंदाजे तीन लाख एकर जाळले. अमेरिकेचं वनखातं स्थापन झालं १९०५ मध्ये. विझवायलाच कोणी नव्हतं, तर विझवून साठलेलं इंधन आलं कुठून? कीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १९१० पासूनच्या आगीच्या नोंदी काढल्या, आणि या झुडपाळ प्रदेशात मोठ्या वणव्यांचं प्रमाण वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. बाहा आणि आमच्यात आणखी एक मोठा फरक आहे, तो म्हणजे सांता आना वारे. शरदात आणि हिवाळ्यात आतल्या वाळवंटी पठारावरची हवा खिंडींतून समुद्राकडे कोसळते. खाली उतरता उतरता ती तापते आणि वाळते. दक्षिणेकडे बाहात त्यांचा जोर ओसरत जातो. ईटन पेटला त्या रात्री आमच्याकडे झोत ताशी शंभर मैलांच्या आसपास होते. असा वारा असताना समोरची झाडी पाच वर्षांची आहे की पन्नास, हे आग विचारत बसत नाही. ती निखारे उचलते आणि मैलभर पुढे टाकते. शहरं जाळणारे जवळजवळ सगळे वणवे याच वाऱ्याचे आहेत. पाइनच्या रोग्याचं औषध चॅपरलला पाजायचा हट्ट का, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आकडेही पाहू. २००३ च्या सीडर वणव्यात दोन लाख त्र्याहत्तर हजार एकर जळले आणि सुमारे २,८०० इमारती गेल्या. ईटनमध्ये चौदा हजार एकर जळले आणि इमारती गेल्या ९,४०० हून अधिक. जमीन विसावा हिस्सा, इमारती तिपटीहून जास्त. झाडी हीच मुख्य गुन्हेगार असती तर हे गणित असं उलटं आलं नसतं. ईटनमध्ये सापडलेल्या आमच्या अल्टाडेना वस्तीच्या ज्या सपाट गल्ल्या राख झाल्या तिथे चॅपरल होतं कुठे? तिथे घराला घर लागून होतं, मधे लाकडी कुंपण, कुंपणाला टेकलेली कचऱ्याची पिंपं, दारात काथ्याचं पायपुसणं. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आठवड्याने आत जायला परवानगी मिळाली तेव्हा, मी एक दृश्य पाहिलं जे नंतर अनेकांनी टिपलं: घराची फक्त चिमणी उभी, आणि तिच्याशेजारचं झाड एका बाजूने करपलेलं, दुसऱ्या बाजूने हिरवं. घर झाडामुळे नाही, झाड घरामुळे करपलं होतं. आत वाकून पाहिलं तर न्हाणीघराच्या फरशा शाबूत होत्या आणि खिडकीची काच वितळून ओघळली होती.

अमेरिकी वनखात्याचे शास्त्रज्ञ जॅक कोहेन हेच दशकानुदशकं सांगत आले. नव्वदच्या दशकाअखेरीस कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहण्यात आलं. दहा मीटरवरच्या भिंती करपल्या, काही पेटल्या. तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. घर पेटतं ते बहुधा थेट ज्वाळेने नाही, छपराखालच्या हवेच्या झरोक्यातून माळ्यावर शिरलेल्या निखाऱ्याने, किंवा पन्हळीत साठलेल्या वाळक्या पानांनी. अलेक्झांड्रा सिफर्ड आणि सहकाऱ्यांनी सॅन डिएगोच्या भागातल्या जळलेल्या आणि वाचलेल्या घरांचा अभ्यास केला. घराभोवतीची पाच ते वीस मीटरची मोकळी जागा उपयोगी पडली होती. तीस मीटरच्या पलीकडे साफसफाईचा जादा फायदा काही दिसला नाही. राज्याचा कायदाही शंभर फुटांचाच आहे, म्हणजे तेवढाच.

यावर मला नेहमी गेटी व्हिलाचं उदाहरण ऐकवलं जातं. पॅलिसेड्सच्या आगीत सापडलेलं हे संग्रहालय वाचलं, कारण त्यांनी आधीच आवारातली झाडी काढली होती. बरोबर आहे. त्यांनी झाडी काढली, पाणी मारून ठेवलं, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण भिंती काँक्रीटच्या, छप्पर कौलारू, दारं-खिडक्या बंदिस्त आणि हवा आत ओढणारी यंत्रणा थांबवलेली, हे सांगायचं का विसरता? गेटीने समोरचा सांता मोनिका डोंगर सोलून काढला नव्हता. आवार सांभाळलं होतं. मी तेच तर म्हणते आहे.

इथेच मला या वादातला खोटेपणा सर्वांत जास्त दिसतो. घराला लागून पाच फुटांच्या पट्ट्यात जळण्यासारखं काहीही ठेवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२० मध्येच केला. त्याला 'झोन झिरो' म्हणतात. त्याचे नियम ठरवायची वेळ आली तेव्हा विरोध कोणी केला? घरमालकांनी. भिंतीला टेकलेले गुलाब, खिडकीखालची जुनी बोगनवेल, फाटकाला लागलेलं लाकडी कुंपण, हे काही जायला नको. डोंगरावरचं दहा मैलांचं चॅपरल मात्र जावं. दुसऱ्याच्या जमिनीवरची, नावं माहीत नसलेली झाडं काढायला सांगणं फार सोपं असतं. मला गुलाबांचं दुःख कळतं. माझीही जाई भिंतीवर चढवलेली होती. गेल्या मार्चमध्ये मी ती मुळासकट काढली, आणि त्या संध्याकाळी भारतात आईला फोन केला तेव्हा ते सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. इथले मूळ रहिवासी, चुमाश, तोंग्वा, कुमेयाय, स्वतः आग लावत. १५४२ मध्ये स्पेनतर्फे आलेला दर्यावर्दी काब्रियो जहाजातून इथे पोचला तेव्हा किनाऱ्यावर इतका धूर होता की त्याने त्या उपसागराला 'धुराचा उपसागर' असं नाव दिलं. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर अरियागाने या आगींवर बंदी घातली. आपल्याकडे इंग्रजांच्या वनखात्याने डोंगरी लोकांच्या कुमरी, म्हणजे झाडी जाळून करायच्या फिरत्या शेतीला रानटी ठरवलं, त्याचीच ही थोरली बहीण. जी माणसं हजारो वर्षं आगीबरोबर राहिली त्यांचं ज्ञान गुन्हा ठरवलं गेलं, हे मला मान्य आहे, आणि आज त्यांच्या वंशजांना अधिकाराने आग लावता यावी या मागणीच्या मी बाजूची आहे. पण त्या आगी होत्या कशासाठी? चियाचं बी, कंद, टोपल्यांसाठी सरळ काड्या, हरणांसाठी कोवळा पाला. गावाजवळचा ठरावीक तुकडा, ठरावीक हंगाम. आज या भागात दोन कोटींवर माणसं राहतात आणि ती विनामूल्य, विनाहंगाम, रोज ठिणग्या पुरवतात. अशा ठिकाणी 'मूळ रहिवासी जाळत होते' म्हणून आणखी हजारो एकर बुलडोझरने साफ करायचे, हा त्या ज्ञानाचा आदर म्हणायचा? सह्याद्रीतही फेब्रुवारी-मार्चमध्ये 'गवत चांगलं येतं' म्हणून काडी लावणारे आजोबांचंच नाव पुढे करतात. आजोबा कोणता तुकडा जाळत आणि कोणता राखत, ते मात्र विसरलेले असतात.

डोंगर सोलून पाहण्याचे प्रयोग झालेलेही आहेत, आणि ते आमच्याच डोंगरात झाले. १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी सॅन गॅब्रिएल डोंगर राखीव केला. नावात 'टिंबरलँड', पण इमारती लाकूड होतं किती? खालच्या संत्र्यांच्या बागांना पाणी हवं होतं, आणि उतारावरची झुडपं पाणी आणि माती धरून ठेवतात हे त्या बागाइतदारांना आजच्या टीव्हीवाल्यांपेक्षा बरं कळत होतं. तरी पुढच्या पिढीला झुडपं कमीपणाची वाटली. थिओडोर ल्युकन्स यांनी अल्टाडेनाच्या वर हेनिंजर फ्लॅट्सला रोपवाटिका काढून उतारांवर पाइन लावले, डोंगराला 'खरं जंगल' द्यायला. बहुतेक रोपं उन्हाने गेली. मग दुसरा उपाय: १९६० मध्ये सॅन डिमास प्रायोगिक जंगल जळल्यावर काही उतारांवर झुडपांऐवजी गवत वाढवून पाहिलं. काही वर्षांनी जोराचा पाऊस झाला तेव्हा गवताचे उतार झुडपांच्या उतारांपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी घसरले. साधी गोष्ट आहे, गवताचं मूळ वरवरचं, शमीसचं खडकाच्या भेगेत. मातीचं काय होतं हे बघायला प्रयोगशाळाही लागत नाही. नोव्हेंबर १९३३ मध्ये ला क्रेसेंटाच्या वरचा डोंगर जळला आणि १९३४ चं नवं वर्ष लागताना, मध्यरात्रीच्या सुमारास, तो चिखल-धोंड्यांसकट खाली आला. चाळीसहून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०१७ च्या थॉमस वणव्यानंतर, ९ जानेवारी २०१८ ला, मॉन्टेसिटोत तेच झालं आणि तेवीस माणसं गेली. वणव्याने डोंगर उघडा पडला तर त्याला आपण आपत्ती म्हणतो. तोच डोंगर कंत्राट देऊन उघडा केला की त्याला खबरदारी म्हणायचं?

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला झाडी काढून मोकळे ठेवलेले पट्टे, नकोतच असं मी म्हणत नाही. गावाच्या कडेला, जिथे अग्निशामकांची गाडी पोचते आणि माणूस उभा राहून लढू शकतो, तिथे त्या उपयोगी आहेत. डोंगराच्या धारेवर, जिथे कोणी पोचणार नाही, तिथे ती जाळरेषा म्हणजे गवताला आत घुसायला करून दिलेला रस्ता.

हवामानबदलवाल्या मित्रांशी माझं भांडण लहान आहे, पण आहे. पाऊस लांबतो, शरद जास्त कोरडा होतो, आणि सांता आनाच्या हंगामात डोंगर अजून वाळलेलाच असतो. त्या जानेवारीपर्यंत, आधीच्या मेपासून, पाऊस जेमतेम नावाला झाला होता. हे खरं आहे आणि गंभीर आहे. पण नोव्हेंबर १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात ४८४ घरं जळली, तेव्हाही वारा तोच होता आणि लाकडी छपरं तीच. सगळं हवामानावर टाकलं की नगररचना सुटते, वीज कंपनी सुटते, आणि डोंगराच्या तोंडाशी पुन्हा तशीच घरं बांधायची परवानगी देणाराही सुटतो. कोणी म्हणेल, मग तिथे राहूच नका. दुसरीकडे घर कुठे परवडतं ते आधी सांगा, मग बोलू.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते: हे रान काही उपयोगाचं आहे का? हा प्रश्न मला आवडत नाही, पण विचारला जातोच. येर्बा सांता या झुडपाची चिकट, वॉर्निश मारल्यासारखी पानं चुमाश लोक खोकल्यावर वापरत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी औषधवाले क्विनाइनचा कडूपणा लपवायला तिचं सरबत वापरू लागले. इस्ले नावाच्या रानचेरीच्या बियांतलं विष कुटून, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढत आणि मग त्याचं पीठ खात. सुरणाची खाज आमसुलाने मारणाऱ्या आपल्या बायकांना ही खटपट नवी नाही. इथला चिया आपल्या सब्जाच्याच, म्हणजे तुळशीच्या कुळातला. आणि हो, दुकानात 'चॅपरल' नावाने जो औषधी चहा मिळतो त्याचा या रानाशी काही संबंध नाही. ते वाळवंटातलं क्रिओसोट झुडूप आहे, आणि त्याने यकृताला इजा होते असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने १९९२ मध्येच दिला होता. दुसरीकडे, डोंगराच्या पायथ्याची पांढरी सेज ही सुवासिक वनस्पती 'घरातली नकारात्मकता जाळायला' म्हणून जुड्या बांधून विकली जाते, आणि त्यासाठी रँचो कुकामोंगाजवळच्या राखीव क्षेत्रातून ती पोती भरभरून चोरली गेली. म्हणजे हे रान एकतर कचरा, नाहीतर धूप. मधलं काही नाही.

हे आपल्यालाही ओळखीचं आहे. माळरानांना सरकारी नकाशात 'पडीक' म्हटलं की तिथे सोलर पार्कही चालतं आणि वृक्षारोपणाचा खड्डाही. माळढोक पडीकावरच राहत होता. कास पठाराला जग बघायला येण्याआधी आम्ही 'वरचा कातळ' म्हणायचो, आणि तिथे काही उगवत नाही असं सांगणारे शहाणे साताऱ्यात कमी नव्हते.

फेब्रुवारीत आमच्या विमा कंपनीचं पत्र आलं: मागच्या उतारावरचा 'ब्रश', म्हणजे झाडी, दोनशे फुटांपर्यंत काढा, नाहीतर पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही. त्यातले शेवटचे शंभर फूट आमचे नाहीतच, सरकारी जंगलाचे आहेत. छपराखालच्या झरोक्यांबद्दल, लाकडी फाटकाबद्दल, पन्हळीबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. आम्ही झरोक्यांना एक-अष्टमांश इंची धातूची जाळी बसवली, फाटक लोखंडी केलं, भिंतीलगत पाच फूट खडी टाकली, आणि आमच्या हद्दीतली वाळकी लाकडं काढली. खुरटा ओक घरापासून साठ फुटांवर आहे; खालच्या वाळक्या फांद्या छाटून तो ठेवला, कारण त्याच्या बुंध्याशी वूडरॅटने काड्या जमवायला सुरुवात केली आहे. कंपनीला उत्तर पाठवलंय, प्रत्येक जाळीच्या फोटोसकट. अजून त्यांचं काही आलेलं नाही.